खांदेरीचा दिवा

हवा निर्मळ असेल अशा एखाद्या संध्याकाळीं मुंबईच्या कुलाब्याच्या टोंकाशीं उभें राहून दक्षिणेकडे नजर टाकावी. जवळचा प्रॉंग्ज खडकावरचा दिवा ओळखीचा असतो. पण त्याच्याही पलीकडे, क्षितिजाच्या कांठावर, आणखी एक दिवा ठराविक वेळानें उजळतांना आणि मालवतांना दिसतो. तो खांदेरीचा दिवा. मुंबईपासून सुमारें अकरा मैलांवर, अलिबागजवळच्या थळ गांवासमोर भर समुद्रांत हें बेट आहे. तेथें सकाळीं जावें आणि दिवेलागणीला घरीं परत यावें, एवढी लहानशी सफर आज आपण करणार आहोंत. सफर एका दिवसाची आहे खरी; पण वाटेंत साडेतीनशें वर्षांचें पाणी कापावें लागतें.

अपोलो बंदरावरून मांडव्याची बोट धरली म्हणजे तासाभरांत आपण पलीकडच्या किनाऱ्यास लागतों. हा प्रवास हिंवाळ्यांत इतका सुखाचा असतो कीं, पोरेंबाळें कठड्याशीं उभीं राहून पांखरांना खाऊ टाकीत असतात. पण हेंच पाणी आषाढांत पाहावें! १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट याच भागांत काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. जे थोडे वांचले, त्यांतील कित्येकांना किनाऱ्यावरच्या कोळ्यांनीं आपल्या लहान होड्यांत ओढून घेतलें. मोठी बोट जेथें टिकली नाहीं, तेथें लहान होड्या पोंचल्या. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवूं या. कारण खांदेरीचा सारा इतिहास याच एका गोष्टीभोंवतीं फिरतो.

मांडव्याहून रस्त्यानें थळला यावें. तेथून खांदेरीला नेते ती कोळ्याची होडी, आणि ती निघते ती आपल्या घड्याळाप्रमाणें नव्हे, भरतीच्या घड्याळाप्रमाणें. ओहोटी असली म्हणजे होड्या चिखलांत कलंडून पडलेल्या असतात आणि शहरांतून आलेला पाहुणा घाईनें तांडेलाला विचारीत असतो, “केव्हां निघायचें?” तांडेल समुद्राकडे बोट दाखवितो. त्या बोटांतच उत्तर असतें. पाणी चढतें, होडी सरळ होते आणि मग आपण निघतों. प्रथम उजाड दिसणारी उंदेरी लागते. तिला मागें टाकून पुढें गेलें कीं दोन टेकड्यांची खांदेरी समोर उभी राहते. दक्षिणेकडची टेकडी उंच. तिच्या माथ्यावर दीपगृह.

होडी पाणी कापीत असतांना आपण १६७९ सालांत जाऊं. त्या काळीं जंजिऱ्याच्या सिद्दीचें आरमार दर पावसाळ्यांत मुंबईच्या बंदरांत, इंग्रजांच्या आसऱ्याला, येऊन राही; आणि तेथून निघून कोंकणच्या किनाऱ्यावरील रयतेला लुटी, जाळी आणि धरून नेई. इंग्रजांना सिद्दीची मैत्री नकोशी होती. पण त्याच्यामागें दिल्लीचा बादशहा होता, म्हणून त्याला घालवून देण्याचीही त्यांना छाती नव्हती. या दोघांवर एकाच जागेवरून डोळा ठेवतां येईल अशी जागा म्हणजे खांदेरी. शिवाजीमहाराजांनीं १६७२ सालींच येथें किल्ला बांधण्यास आरंभ केला होता. पण इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आल्यामुळें तें काम राहून गेलें. १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा सरला नसतांनाच, महाराजांनीं मायनाक भंडारी यांस माणसें, तोफा आणि बांधकामाचें सामान देऊन पुन्हां बेटावर पाठविलें. समुद्र खवळलेला, शत्रूचीं गलबतें बंदरांत अडकलेलीं. हीच वेळ साधण्यासारखी होती.

मुंबईकर इंग्रजांना हें कळतांच त्यांची झोंप उडाली. बंदराच्या तोंडाशीं मराठ्यांचा किल्ला म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गलबतावर पहारा! त्यांनीं आपलीं गलबतें बेटाभोंवतीं ठेवून कोंडी केली. १९ सप्टेंबर रोजीं लेफ्टनंट थॉर्प याचें शिबाड बेटाजवळ गेलें. किनाऱ्यावरून मारा झाला, त्यांत थॉर्प स्वतः पडला. मग इंग्रजांनीं ‘रिव्हेंज’ हें मोठें लढाऊ जहाज आणि त्याच्या सोबतीला लहानमोठीं गलबतें जमविलीं.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांचा दर्यासारंग दौलतखान पन्नासांहून अधिक तारवें घेऊन या गलबतांवर तुटून पडला. थोडक्याच वेळांत ‘डव्ह’ नांवाच्या गुराबेनें निशाण उतरविलें आणि ती मराठ्यांच्या हातीं लागली. तिच्यावरील कैद्यांना सागरगड दाखविण्यांत आला. डव्ह म्हणजे पारवा आणि रिव्हेंज म्हणजे सूड! पारवा सांपडला खरा. पण सूड आपल्या जागेवरून हलला नाहीं. ‘रिव्हेंज’वरच्या कॅप्टन मिंचिन आणि कॅप्टन केग्विन यांनीं एकट्या जहाजानिशीं असा मारा केला कीं, मराठ्यांच्या आरमाराला मागें फिरावें लागलें. शत्रूच्या शौर्याला शौर्य म्हणण्याची आपली रीत आहे. म्हणून त्या दिवसाची लढाई इंग्रजांनीं राखली हें मोकळ्या मनानें मान्य करावें.

आणि तरीही बेट त्यांना मिळालें नाहीं. कां मिळालें नाहीं, हाच या कथेंतील खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर मुंबईकर इंग्रजांनीं त्या दिवसांत सुरतेला लिहिलेल्या पत्रांतूनच मिळतें. त्यांचीं जहाजें वाऱ्यावर चालणारीं, खोल पाण्यांत फिरणारीं. वारा पडला, प्रवाह उलटा झाला कीं तीं नांगर टाकून स्वस्थ! मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ बुडाच्या, वल्ह्यांनीं चालणाऱ्या. अंधाऱ्या रात्रीं, किनाऱ्याच्या कडेकडेनें, पाण्याचा ओघ ओळखून त्या थळहून निघत आणि कोंडी करणाऱ्या जहाजांच्या डोळ्यांदेखत, पण त्यांच्या आवांक्याबाहेरून, बेटावर धान्य, दारूगोळा आणि माणसें पोंचवीत. दिवसा जहाजांचें राज्य, रात्रीं होड्यांचें. सकाळीं दुर्बीण लावून पाहावें तों तट कालच्यापेक्षां वर आलेला! तोफांच्या माऱ्याखालीं ज्या गवंड्यांनीं आणि बेलदारांनीं दगडावर दगड रचला, ज्या वल्हेकऱ्यांनीं काळोखांत तीं खेंपांवर खेंपा केल्या, त्यांची नांवें कोणत्याही कागदांत उतरलेलीं नाहींत. त्यांचा कागद म्हणजे तो तट.

नोव्हेंबरांत सिद्दी कासीम आपलें आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीस आला. त्यालाही खांदेरी घेतां आली नाहीं. तेव्हां जानेवारी १६८० मध्यें त्यानें शेजारची उंदेरी बळकावून तेथें आपली तटबंदी उभारली. मदतीला आलेला सोबतीच शेजारीं ठाण मांडून बसला, हें पाहून इंग्रजांनीं काढतां पाय घेतला आणि महाराजांशीं तह केला. ३ एप्रिल १६८० रोजीं महाराज कैलासवासी झाले. खांदेरी ही त्यांच्या हातून झालेल्या अखेरच्या दुर्गरचनांपैकीं एक. पुढें १७५९ सालीं उंदेरी पेशव्यांनीं जिंकीपर्यंत, दोन पिढ्यांहून अधिक काळ, हीं दोन बेटें एकमेकांकडे तोफा रोखून उभीं होतीं.

आतां आपली होडी दोन टेकड्यांमधल्या धक्क्याला लागली आहे. उतरतांना तटाच्या पायथ्याकडे पाहावें. तेथें मोठमोठ्या दगडांच्या राशी समुद्रांत टाकलेल्या आहेत आणि त्यांवर कालवांचीं धारदार कवचें धरलेलीं आहेत. लाटेचा जोर त्यांवर मोडतो, आणि शत्रूचें पाऊल त्यांवर ठरत नाहीं. आंत शिरल्यावर वेताळाचें देऊळ लागतें. देव म्हणजे रंगविलेली एक मोठी शिळा. दर्यावर जाणारे कोळी तिला फार मानतात. पुढें एक खडक आहे. त्यावर लहान दगडानें ठोकलें असतां भांड्यावर ठोकल्यासारखा खणखणीत नाद निघतो. मुलें तेथून लवकर हलत नाहींत आणि मोठी माणसेंही हळूच एकदां वाजवून पाहतात. तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यांवर चढविलेल्या तोफा अजून आहेत. गाड्यासकट राहिलेल्या अशा तोफा आपल्या किल्ल्यांवर क्वचितच दिसतात.

या तटावरून पुढें नजर ठेवली ती कान्होजी आंग्र्यांनीं. १७१३ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांशीं झालेल्या तहानें जे किल्ले कान्होजींकडे राहिले, त्यांत खांदेरी होती. या किनाऱ्यानें जाणाऱ्या व्यापारी गलबतानें सरखेलांचें दस्तक घ्यावें, नाहींतर गलबत अडविलें जाईल, असा त्यांचा शिरस्ता होता. इंग्रज त्यांना चांचा म्हणत. पण तेच इंग्रज स्वतः दुसऱ्यांस परवाने देत होते! समुद्र कोणाचा, हा वाद दोन दस्तकांमधला होता.

नोव्हेंबर १७१८ मध्यें मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून मोठें आरमार घेऊन खांदेरीवर चालून आला आणि हात हलवीत परत गेला. पराभवाला कोणीतरी धनी लागतो. मुंबईंतील रामा कामाती हा धनिक गृहस्थ कंपनीच्या भंडारी फौजेचा नायक होता. त्यानें आंग्र्यांशीं गुप्त पत्रव्यवहार केला असा आरोप ठेवून त्याला १७२० सालीं दोषी ठरविलें. ज्या पत्रांवर तो आरोप उभा होता तीं बनावट होतीं, असें पुढील अभ्यासकांनीं म्हटलें आहे. कामाती १७२८ सालीं तुरुंगांतच वारला. खांदेरीच्या तटानें घेतलेल्या बळींत, तटाला हात न लावलेला असा हा एक.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि बेट इंग्रजांकडे गेलें. दीडशें वर्षें ज्याची धास्ती घेतली तें हातीं आल्यावर त्याचें करावयाचें काय? तोफा आतां कोणावर रोखावयाच्या? पुढल्या अर्ध्या शतकांत उत्तर आपोआप मिळालें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें आणि विलायतेच्या गिरण्या आपल्या कापसासाठीं मुंबईकडे वळल्या. बंदरांत जहाजांची दाटी झाली. त्यांत वाफेचीं जहाजें रात्रींबेरात्रीं येणारीं. दक्षिणेकडून येणाऱ्या परक्या खलाशाला काळोखांत खडक कोठें आणि बंदर कोठें हें कळावें कसें? १८६७ सालीं खांदेरीच्या उंच टेकडीवर अष्टकोनी मनोरा उभा राहिला आणि त्यांत दिवा लागला. दोनच वर्षांनीं सुएझचा कालवा खुला झाला.

मनोऱ्याच्या जिन्यानें वर जातांना मनांत एक विचार येतो. किल्ल्यासाठीं महाराजांनीं ही जागा निवडली ती ज्या गुणांमुळें, त्याच गुणांमुळें इंग्रजांनीं ती दिव्यासाठीं निवडली. येथून सारें दिसतें, आणि साऱ्यांना हें दिसतें. फ्रेनेल नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२३ सालीं कॉर्दुआनच्या दीपगृहांत प्रथम बसविलेली युक्ति पुढें जगभर गेली. दिव्याची ज्योत लहानच असते; तिच्याभोंवतीं कांचेच्या लोलकांचीं कडीं अशीं रचतात कीं, चहूंकडे विखुरणारा प्रकाश एका झोतांत गोळा होऊन दूर जावा. प्रत्येक दीपगृहाची उघडझांप निराळी ठेवलेली असते. ती मोजून खलाशी ओळखतो, हा अमका दिवा, आपण अमक्या ठिकाणीं. विजेपूर्वीच्या काळीं असे दिवे तेलावर जळत. रात्रभर वात राखणें, कांच पुसणें, हें काम जागत्या माणसाचें. पावसाळ्यांत होड्या बंद झाल्या कीं अशा बेटावरच्या राखणदारांना सोबत असे ती वाऱ्याची.

वर सज्जांत उभें राहिलें म्हणजे उत्तरेस मुंबईच्या इमारती दिसतात, पूर्वेस थळचा किनारा, मधें उंदेरी. एका नजरेंत सारें रणांगण! आणि मग ध्यानांत येतें कीं, थळचा कोळी या दिव्यावांचूनही घरीं येत होता. पाण्याचा रंग, वाऱ्याचा वास, खडकावर फुटणाऱ्या लाटेचा आवाज, हे त्याचे दिवे. हा दिवा आहे तो ज्याला हें पाणी ठाऊक नाहीं त्याच्यासाठीं. कान्होजींचा पहारेकरी प्रत्येक गलबताला विचारी, “दस्तक आहे काय?” दिवा तें विचारीत नाहीं. मित्र असो, शत्रु असो, तो सर्वांना सारखाच सांगतो, येथें खडक आहे, जपून जा.

१९९८ सालीं भारत सरकारनें या बेटाला कान्होजी आंग्रे यांचें नांव दिलें. ज्याला इंग्रजांनीं चांचा म्हटलें, त्याच्या नांवाचा दिवा आतां साऱ्या जगाच्या जहाजांना वाट दाखवितो. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें; त्यांत खांदेरी आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण यादींत नांव आलें म्हणजे तटाचे दगड आपोआप राहत नाहींत. वाऱ्यापाण्याशीं टक्कर देत ते राहिले आहेत. पाहुण्यांनीं टाकलेल्या कचऱ्याशीं आणि कोरलेल्या नांवांशीं टक्कर देण्याची वेळ त्यांच्यावर आपण आणूं नये. ज्यांनीं तो तट बांधला त्यांनीं आपलीं नांवें त्यावर कोरलीं नाहींत.

तांडेल खालून हांक मारतो आहे. पाणी उतरूं लागलें. आतां निघालेंच पाहिजे, नाहींतर थळच्या चिखलांत होडी रुतेल आणि पुढची बोट चुकेल. ज्या ओहोटीनें ‘रिव्हेंज’सारख्या जहाजाला जुमानलें नाहीं, ती आपल्याला काय जुमानणार? मांडव्याहून परततांना अंधार पडूं लागला तर बोटीच्या मागच्या बाजूला बसावें आणि दक्षिणेकडे पाहत राहावें. दिवा लागतो, मालवतो, पुन्हां लागतो. त्याच्या खालीं, काळोखांत, अनाम हातांनीं रात्रींच्या रात्रीं वाहून आणलेला दगड आपल्या जागीं घट्ट बसलेला असतो.