नाणेघाट ते दाऱ्याघाट

दिवाळी आटोपली, पाहुणे परतले, डब्यातल्या चिवड्याने तळ गाठला, की सह्याद्रीवर जायचे दिवस सुरू होतात. गवत नुकते पिवळे पडू लागलेले असते, ओढ्यांत थोडे पाणी खेळत असते आणि उन्हाला अजून धार आलेली नसते. अशा दिवसांत जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कड्यावरून एक दिवसाची चाल करावी, असा माझा आग्रह आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर निघायचे आणि दाऱ्याघाटाच्या माथ्यावर पोचायचे. घाट चढायचा नाही, उतरायचाही नाही. कोकण उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे काठाकाठाने चालत राहायचे.

बेत आखताना पहिला हिशेब पाण्याचा. नाणेघाटात खडकात खोदलेली टाकी आहेत. ती कोणी खोदवली, याचा विचार क्षणभर तरी करावा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर याच खिंडीतून जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. चढून आलेल्या जिवाला प्रथम काय लागते? पाणीच. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाचा लेख आहे. समुद्रापलीकडच्या मुलखाशी नाते सांगणाऱ्या या माणसाने जुन्नरला दान दिले ते दोन पाणपोढ्यांचे, म्हणजे पाण्याच्या टाक्यांचे. तो नाणेघाटानेच आला असे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण घाटाच्या देशात कोणत्या दानाची किंमत मोठी, हे त्याला नेमके कळले होते एवढे खरे.

नाणेघाटाच्या गुहेत याहून मोठ्या दानांची यादी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, ब्राह्मी लिपीतला आणि प्राकृत भाषेतला हा लेख सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, मानला जातो. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावे आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांचे आकडे त्यात आहेत. आपल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते. समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सातकर्णी ही नावे वर कोरलेली राहिली. खालच्या मूर्ती मात्र नाहीशा झाल्या.

माथ्यावर एक मोठा दगडी रांजण दिसेल. जकातीची नाणी यात टाकीत, असे मुलांना सर्रास सांगितले जाते. सांगावे; पण ही परंपरा आहे, कोरीव लेखात तसे काही नाही, हेही त्याच दमात सांगावे. भिंतीवर काय लिहिले आहे आणि लोक काय सांगतात, यांतला फरक एकदा मुलांच्या ध्यानात आला, की इतिहासाचा अर्धा अभ्यास झाला.

दुसरा हिशेब वेळेचा. नाणेघाटापासून निघाले की समोर जीवधन उभा राहतो, शेजारी वानरलिंगीचा सुळका. मोह होतो तो इथेच. गड चढलात, तर काठाची चाल सूर्यास्तापूर्वी पुरी होणार नाही. मार्गशीर्षात सहाच्या सुमारास अंधारू लागते. तेव्हा गड दुसऱ्या खेपेला ठेवावा आणि पायथ्याच्या रानातून पुढे व्हावे. गड चढला नाही तरी तो इथे का बांधला, ते खालून चांगले समजते. घाटातून वर येणारा प्रत्येक माणूस त्याच्या नजरेखाली येतो. घाट ज्याला हवा, त्याला हा काठ राखणे भाग होते. १८१८ साली इंग्रजांनी या गडाच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या, त्याचेही कारण हेच.

तिसरा हिशेब वाटाड्याचा. कारवीच्या रानात गुरांच्या वाटा माणसांच्या वाटांसारख्याच दिसतात. घाटघरचा एखादा जाणता माणूस बरोबर घ्यावा, त्याचे पैसे आधी ठरवावेत आणि तो म्हणेल तेथे कड्यापासून दूर राहावे. दाऱ्याघाटाच्या माथ्याशी दोन कड्यांमधून कोकण दिसले आणि पलीकडे ढाकोबाचा डोंगर उभा राहिला, की चाल संपली. मुलेमाणसे बरोबर असतील तर घाटाच्या दगडगोट्यांतून खाली उतरण्याचा हट्ट धरू नये. जवळच्या आंबोलीत यावे (हे जुन्नर तालुक्यातले, सावंतवाडीकडचे नव्हे) आणि परतीच्या एसटीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी.

१८३० साली बोरघाटाची गाडीवाट खुली झाली, १८६३ साली तेथून आगगाडी धावू लागली. चाकांना सोयीचे ते घाट वाढले. खुरांचे आणि पावलांचे घाट मागे पडले. नाणेघाटाच्या फरसबंदीवर आज चालताना पाय घसरतो, कारण ते दगड गुळगुळीत झाले आहेत. राजांच्या मूर्ती गेल्या आणि नावे राहिली. ओझी वाहणाऱ्यांचे उलट झाले: त्यांची नावे कोणी कोरली नाहीत, पण त्यांच्या पावलांनी झिजलेला दगड अजून तेथे आहे.

म्हणून एक विनंती. गुहेच्या भिंतीवर आपले नाव कोरण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नका. इरिलाने आपले नाव कोरले खरे, पण आधी पाणी दिले होते. आपण निदान टाक्यांत घाण न करता परत यावे, म्हणजे पुढच्या वाटसरूचे पाणी आपण राखले असे होईल.