तिखाडीचे तेल आणि बाटलीवरचे नाव

सुगंधी तेलाच्या बाटलीवर आणि तिच्याबरोबर येणाऱ्या कागदांवर आज जे शब्द आढळतात, ते एका काळात घडलेले नाहीत आणि एका हेतूनेही आलेले नाहीत. काही शब्द तेल कसे काढले हे सांगतात, काही केवळ वासाची ओळख करून देतात, काहींच्या मागे रॉकेलच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगींची भीती आहे, तर काहींच्या मागे त्वचेवर उठणाऱ्या पुरळाची. साबण, मेणबत्ती किंवा उदबत्ती करणाऱ्या छोट्या कारखानदाराला हे सगळे शब्द एकाच दमात वाचावे लागतात, आणि ते एकाच प्रकारची माहिती देत आहेत असे समजल्यामुळे बरेच गैरसमज होतात. या शब्दांपैकी एक, जिरॅनियॉल, खानदेशातल्या डोंगरउतारांवरच्या गवतातून जगाच्या बाजारात गेला, आणि तोही चुकीच्या नावाने.

अत्तरांच्या जुन्या व्यापारात नाव हे मुख्यतः कृतीचे नाव असे. कन्नौजच्या पद्धतीत ‘देग’ या तांब्याच्या भांड्यात फुले आणि पाणी घालून खाली जाळ करतात, वाफ बांबूच्या नळीने ‘भपका’ या दुसऱ्या भांड्यात जाते, आणि भपक्यात आधीच घातलेल्या चंदनाच्या तेलात फुलांचा गंध मुरतो. या चंदनाधारित द्रव्याला अत्तर म्हणतात. चंदनाचा आधार न घेता काढलेले निव्वळ तेल म्हणजे ‘रूह’, जसे रूह गुलाब किंवा वाळ्याचे रूह खस. आणि फुलांच्या थरांत तीळ ठेवून, गंध शोषलेल्या तिळांतून गाळलेले तेल म्हणजे ‘फुलेल’. ही तीन नावे कानावर पडताच गिऱ्हाइकाला वासाखाली कोणता आधार आहे ते समजत असे. सुगंधकृतींचे असे शास्त्र मराठीलाही परके नव्हते. ‘गंधवाद’ या संस्कृत ग्रंथावर मराठी टीका उपलब्ध असून, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे स्वस्त मालात चंदनाची जागा द्रव पॅराफिन आणि बाजारात ‘डीईपी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डायएथिल थॅलेट या वासरहित द्रावकाने घेतली, पण अत्तर हे नाव मात्र तसेच राहिले.

आधार बदलला आणि नाव राहिले, तर ग्राहकाची फसगत होते. परंतु नावच सुरुवातीपासून दुसऱ्याचे असेल तर काय होते, याचे उत्तम उदाहरण तिखाडीच्या तेलात सापडते. तिखाडी, म्हणजेच रोशा गवत, हे पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा या भागांत आणि विदर्भात रानोमाळ वाढते. पावसाळ्याअखेर ते फुलावर आले की कापून, ओढ्याच्या काठी मांडलेल्या भट्टीवर मोठ्या भांड्यात पाण्यासह उकळत, आणि वाफ नळीतून वाहत्या पाण्यात बुडवलेल्या भांड्यात नेऊन थंड करीत. ओढा जवळ असणे हे सरपण आणि गवत यांच्याइतकेच महत्त्वाचे असे. व्यापाऱ्यांनी या तेलाचे दोन प्रकार पाडले होते, उंची ‘मोतिया’ आणि हलके ‘सोफिया’. एकाच गवताच्या कोवळ्या आणि जून अवस्थेतून हे दोन प्रकार निघतात असा समज दीर्घकाळ होता. प्रत्यक्षात ती गवताची दोन वेगळी रूपे आहेत. क्यू येथील वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो स्टाफ याने १९०६ साली भारत आणि सिलोन येथील तैलगवतांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यामुळे या गवतांच्या नावांचा गोंधळ बराच निवळला.

हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात जाई, आणि तेथून गुलाबाच्या तेलासाठी प्रसिद्ध असलेल्या, त्या काळी ऑटोमन साम्राज्यात असलेल्या कझानलिक खोऱ्यात पोहोचे. तिखाडीच्या तेलाचा वास गुलाबाशी बराच जुळतो, आणि किंमत मात्र त्याच्या पासंगालाही पुरत नाही. त्यामुळे ते उन्हात ठेवून सौम्य करीत आणि गुलाबाच्या तेलात मिसळीत, किंवा ऊर्ध्वपातनापूर्वीच पाकळ्यांवर शिंपडीत. शुद्ध गुलाबतेल थंडीत गोठते, कारण त्यात मेणासारखे घटक असतात. तिखाडीच्या तेलात ते नसल्यामुळे ते गोठत नाही, म्हणून तेल कोणत्या तापमानाला गोठू लागते हे पाहणे ही भेसळ ओळखण्याची जुनी कसोटी होती. युरोपच्या बाजारात खानदेशी तेलाला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत. ते तुर्की नव्हते आणि जिरॅनियमचेही नव्हते. जहाज जेथून आले ते नाव मालाला चिकटले आणि गवत ज्या डोंगरात उगवले तो डोंगर नावातून गळून गेला, ही वसाहतकालीन व्यापाराची नित्याचीच रीत होती.

१८७१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोब्सन याने, ‘भारतीय जिरॅनियम तेल’ असेही म्हटल्या जाणाऱ्या याच तेलातून, गुलाबासारख्या वासाचे अल्कोहोल वेगळे केले आणि त्याला ‘जिरॅनियॉल’ हे नाव दिले. बाजाराची चूक अशा रीतीने रसायनशास्त्राच्या परिभाषेत कायम झाली. पुढे गुलाब, जिरॅनियम, सिट्रोनेला अशा अनेक तेलांत जिरॅनियॉल आढळले, परंतु ज्या गवतात ते भरपूर असते त्याचा निर्देश या नावात कोठेही नाही. ‘इसेन्शियल ऑइल’ या संज्ञेचीही थोडी अशीच गत झाली आहे. त्यातील मूळ शब्द सार किंवा अर्क या अर्थाचा आहे, आणि मराठी विश्वकोशाने त्यासाठी ‘बाष्पनशील तेल’ हा नेमका शब्द योजला आहे. तरी हल्ली बाटल्यांवर ‘आवश्यक तेल’ असा मजकूर सर्रास दिसतो, जणू ते नसले तर संसार अडेल. ऊर्ध्वपातनाची उष्णता न सोसणाऱ्या फुलांचा गंध द्रावकाने काढून, नंतर अल्कोहोलने शुद्ध करून जे मिळते ते ‘ॲब्सोल्यूट’, आणि ‘फ्रेग्रन्स ऑइल’ म्हणजे नैसर्गिक व कृत्रिम घटकांचे मिश्रण. मुंबईच्या घाऊक बाजारात त्याला ‘कंपाउंड’ म्हणतात.

कृत्रिम घटकांनी नाव आणि पदार्थ यांची उरलीसुरली गाठही सोडली. १८३४ साली रसायनशास्त्रज्ञ मित्शरलिखने तयार केलेल्या नायट्रोबेंझिनला कडू बदामासारखा वास आहे. ते साबणांसाठी ‘मिरबान तेल’ म्हणून विकले गेले, वास्तविक मिरबान नावाची कोणतीही वनस्पती नाही, आणि त्वचेतून आत जाऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करणारे ते विष आहे. पर्किनने १८६८ साली कुमारिन बनवले, टीमान आणि हारमान यांनी १८७४ साली व्हॅनिलिन, बाउरला १८८८ साली स्फोटकांवर काम करताना कस्तुरीसारख्या वासाचे संयुग सापडले, आणि १८९३ साली टीमान व क्र्युगर यांनी व्हायोलेट फुलाच्या वासाचे आयोनोन तयार केले. १८८२ सालच्या उबिगाँ कंपनीच्या ‘फुजेर रॉयाल’ या सुगंधाचे नाव नेच्यावरून आहे, परंतु नेच्याला असा काही ठळक वास नसतो. तरीही ‘फुजेर’ हे आज एका संपूर्ण सुगंधकुळाचे नाव आहे. मोगरा, चंदन, केवडा असे लिहिलेल्या कंपाउंडच्या बाटलीवरचे नाव याच अर्थाने वाचले पाहिजे: आत त्या वासाचे चित्र आहे, ते फूल नव्हे. भारतात या धंद्याची पायाभरणी करणाऱ्यांत मुंबईची एस. एच. केळकर अँड कंपनी (स्थापना १९२२) महत्त्वाची होय. तिच्या ‘कोब्रा’ छापाच्या छोट्या बाटल्या व्यापाऱ्यांच्या आणि उदबत्तीवाल्यांच्या परिचयाच्या आहेत.

बाटलीवरील ‘फ्लॅश पॉइंट’ हा आकडा मात्र सुगंधाच्या जगातला नव्हेच. द्रवाची वाफ ज्योतीजवळ क्षणभर पेट घेते ते किमान तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. रॉकेलच्या दिव्यांचे अपघात वाढल्यावर ब्रिटनने त्याची सक्तीची चाचणी आणली, आणि १८७९ च्या पेट्रोलियम कायद्यात फ्रेडरिक एबलच्या बंद भांड्यातील चाचणीला मान्यता देऊन ७३ अंश फॅरनहाइट ही मर्यादा घालण्यात आली. म्हणजे हा आकडा साठवण आणि वाहतूक यांच्या सुरक्षिततेसाठी आहे. मेणात तेल कोणत्या उष्णतेला ओतावे हे तो सांगत नाही, जरी मेणबत्तीवाले त्याचा तोच अर्थ घेतात. व्हॅनिलिनचे प्रमाण दिलेले असते ते याहून उपयोगाचे, कारण त्याने साबण कालांतराने तपकिरी होतो. वर, मध्य आणि तळ अशी गंधाची जी तीन ‘नोट्स’मध्ये मांडणी छापतात, तिच्यामागे एकोणिसाव्या शतकात सुगंधकार पीएसने वासांना संगीतातील सुरांप्रमाणे लावलेली पट्टी आहे; सुगंधतज्ज्ञ पाउचरने १९५५ साली घटकांना बाष्पीभवनाच्या वेगानुसार १ ते १०० अंक देऊन त्या कवितेला मोजमाप दिले.

त्वचेची काळजी लेबलवर सर्वांत उशिरा आली. सुगंधद्रव्यांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारी ‘रिफम’ ही संस्था १९६६ साली आणि वापराच्या मर्यादा ठरवणारा ‘इफ्रा’ हा आंतरराष्ट्रीय संघ १९७३ साली स्थापन झाला. इफ्राच्या दाखल्यात ओठांवर लावायचा पदार्थ, अंगावरचा सुगंध, धुऊन टाकायचा साबण, मेणबत्ती अशा वर्गांनुसार तयार मालात ते कंपाउंड जास्तीत जास्त किती टक्के चालेल ते दिलेले असते. ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. मेणबत्तीच्या वर्गात १०० टक्के लिहिलेले असले तरी मेण तेवढे तेल धरू शकत नाही. लेबलवर मात्र सगळे मिश्रण ‘परफ्यूम’ या एका शब्दाखाली झाकून ठेवण्याची मुभा होती. युरोपीय संघाने २००३ साली ती काही अंशी काढून घेतली: त्वचेवर राहणाऱ्या मालात ०.००१ टक्के आणि धुऊन टाकायच्या मालात ०.०१ टक्के यांहून अधिक असल्यास २६ घटकांची नावे स्वतंत्रपणे छापणे बंधनकारक झाले, आणि २०२३ च्या नियमाने ही यादी ८० च्या वर गेली. लिलियल हा लोकप्रिय घटक तर १ मार्च २०२२ पासून तेथील सौंदर्यप्रसाधनांत पूर्णपणे बंद झाला.

मूळच्या २६ नावांत जिरॅनियॉल आहे. ते गुलाबाच्या अस्सल तेलातून आले, तिखाडीतून आले, की टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनले, याने कायद्याला फरक पडत नाही. त्यामुळे ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणाच्या वेष्टनावरही ते छापावे लागते, आणि ते पाहून ग्राहक बिचकतो. पुरवठादाराच्या कागदावर त्याच्यासमोर १०६-२४-१ हा रसायनांच्या जागतिक नोंदणीतील क्रमांक असतो. तेल गवताचेच असेल तर दुसऱ्या रकान्यात ‘सिम्बोपोगॉन मार्टिनी’ हे वनस्पतीचे नाव येते; त्यातील मार्टिन म्हणजे लखनौचा फ्रेंच सेनानी क्लॉड मार्टिन, ज्याने या गवताचे बी वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गला धाडले होते. तिखाडी हा शब्द मात्र त्या कागदाच्या एकाही रकान्यात नसतो.