घोंगडीची घराणी : कराड परिसरातील एका लोकरी व्यवसायाची शब्दसाक्ष

कराडच्या आसपासच्या उद्योगघराण्यांचा इतिहास लिहू जाणाऱ्यास साधनांची वाण सहसा भासत नाही. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्याच दशकात ओगल्यांचा काचकारखाना आला व पुढे त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघर पोहोचला. या घराण्यांमागे जाहिराती राहिल्या, चरित्रे राहिली. परंतु त्यांच्याहून कितीतरी जुना असा एक घरगुती उद्योग याच प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत होता. तो घोंगडी विणण्याचा. विणकराने हिशेब ठेवला तो बहुधा तोंडी, आणि मालावर आपले नाव कधी घातले नाही. मग या घराण्यांचा वारसा शोधावयाचा कोठे? प्रस्तुत लेखकाचे मत असे, की तो त्यांच्या बोलीत शोधावा. आणि लवकर शोधावा.

लोकरी पांघरुणाचा इतिहास आपल्याकडे प्राचीन आहे. कांबळ्यास लागणाऱ्या लोकरीच्या ठरलेल्या मापासाठी 'कंबल्य' हा शब्द सिद्ध करण्यास पाणिनीला स्वतंत्र सूत्र रचावे लागले. वृत्तिकारांनी ते माप शंभर पल सांगितले आहे. ज्या वस्तूच्या कच्च्या मालाचे माप व्याकरणात शिरते, तिचा व्यवहार किरकोळ नसणार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही नेपाळकडील काळ्या, पाऊस अडविणाऱ्या लोकरी वस्त्राची नोंद आहे. मराठीतील 'कांबळे' हा शब्द सरळ या परंपरेतून आला. 'घोंगडी'चे तसे नाही. तेलुगूत 'गोंगडी' आहे, कन्नडातही त्याचे भावंड आहे. कोणी कोणापासून घेतला, हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. दख्खनी मेंढी जेथे चरली त्या मुलखातील भाषांत हा शब्द सामाईक आहे, एवढे आपल्या कामापुरते पुरे.

कराडचे स्थान या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा, म्हणून मेंढरांचा प्रदेश. पश्चिमेस पाटण व कोयनेचे खोरे, जेथे पावसाळाभर डोईवर घोंगडीची खोळ घेतल्यावाचून शेतकऱ्यास बांधावर जाता येत नसे. लोकर एकीकडे आणि पाऊस दुसरीकडे. या दोहोंच्या मध्ये, कुंभार्ली घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर कराड आहे. माणातील म्हसवड हे गाव घोंगड्यांसाठी नावाजलेले. कराड तालुक्यातच पाल येथे खंडोबाचे मोठे ठाणे आहे, आणि खंडोबाची तळी भरावयाची ती घोंगडी अंथरूनच. याच तालुक्यातील काले येथे १९१९ मध्ये भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. त्यांच्या खांद्यावरचे घोंगडे पाहून हा माणूस कोणाचा, हे खेडुतास निराळे सांगावे लागत नसे.

आता व्यवसायाच्या शब्दांकडे वळू. धनगराने मेंढरे कातरावयाची, बायकांनी लोकर पिंजून चातीवर किंवा चरख्यावर सूत काढावयाचे, आणि सणगराने ते खड्डामागावर विणावयाचे, अशी ढोबळ वाटणी होती. धनगरांपैकी खुटेकर हेही विणकरच. त्यांचे नाव ताणा बांधण्याच्या खुंट्याशी जोडले जाते, आणि त्यात ध्वनिदृष्ट्या फारशी अडचण दिसत नाही. ताण्याला चिंचोक्यांची शिजवून केलेली खळ लावीत. तीमुळे आखूड, भरड धाग्याला ताठपणा येऊन तो धोट्याच्या येरझारा सोसतो. या कामास घरातील सारी माणसे लागत. 'कारखानदार' हा शब्द या घरांना कोणी लावला नाही. तरी कच्च्या मालापासून बाजारापर्यंतची सारी व्यवस्था एका कुटुंबाच्या व त्याच्या सोयऱ्यांच्या हाती असणे, याला दुसरे काय म्हणावे?

'जावळ' हा शब्द विशेष पाहण्याजोगा आहे. कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर ती जावळ, आणि तिची घोंगडी ती जावळाची घोंगडी. मुलाच्या पहिल्या केसांनाही आपण जावळच म्हणतो. कोकरू आणि मूल यांना एकच शब्द पुरविणाऱ्या समाजाचे मेंढराशी नाते केवळ धंद्याचे नव्हते, असे अनुमान काढण्यास हरकत नसावी. उलट, 'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार आज कचेऱ्यांत आणि वृत्तपत्रांत सर्रास चालतो. पण भिजलेले घोंगडे किती जड होते व वाळावयास किती दिवस घेते, याचा अनुभव तो वापरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असेल. येथे वस्तू गेली व शब्द उरला.

या ऱ्हासाचे कारण कृत्रिम धाग्यांचे आणि पानिपतचे स्वस्त ब्लँकेट, असे सांगण्याची रीत आहे. ते खरे, पण अपुरे. मेंढीच बदलली, हे त्याहून खोल कारण आहे. मांसाला भाव आला तशी लोकर नावापुरतीच देणारी, पण झपाट्याने वाढणारी मेंढी कळपात शिरली. जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून ओळखली जाणारी जात याचे ठळक उदाहरण होय. भरड दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक नाही, म्हणून कातरणीचा खर्चही निघेना. मेंढपाळाला यात दोष देता येणार नाही. त्याने पोट पाहिले.

आणि आता घोंगडीला शहरांत पुन्हा मागणी आली आहे. जुन्या धाटणीचे पट्टे, मातकट रंग, 'पारंपरिक' अशी चिठ्ठी, आणि पाठदुखीवर गुणकारी असल्याची ग्वाही; हिच्यावर विश्वास ठेवावयाचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावे. विणकराच्या घरी चार पैसे जात असतील तर या आवडीला नावे ठेवण्याचे कारण नाही. तथापि त्या चिठ्ठीवर 'हातमाग' असतो, विणणाऱ्याचे नाव नसते. 'शुद्ध लोकर' असते, पण ती जावळाची की थोराड मेंढीची, हे नसते. विकणाऱ्याला विचारले तर त्यालाही ते सांगता येत नाही. ज्यांना सांगता येते त्या म्हाताऱ्या सूत काढणाऱ्या बाया म्हसवडकडे अजून भेटू शकतील. त्यांच्याकडून लोकरीच्या रंगांची, सुताच्या जाडीची आणि मागाच्या अवयवांची नावे गावोगाव फिरून उतरून घेणे, हे काम आपल्या विभागाने येत्या उन्हाळ्याच्या सुटीत हाती घ्यावे.