कुजवलेले मत

मराठीत मत ‘फुटते’, ‘बाद होते’, ‘वाया जाते’, अलीकडे तर सर्रास ‘विकले जाते’. पण ते ‘कुजवले’ जात असे, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसंबंधी जे मराठी लेखन आहे, त्यात ‘मते कुजवणे’ हा प्रयोग भेटतो. ‘वाया जाणे’ या क्रियेला जबाबदार कर्ता लागत नाही. ‘कुजवणे’ प्रयोजक आहे. तेथे कोणीतरी हेतुपुरस्सर काहीतरी करतो. एखाद्या निवडणूक-नियमाने भाषेला असा शब्द द्यावा, ही गोष्ट मुळातून पाहण्यासारखी आहे.

त्या निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागा ४०१ मतदारसंघांतून भरावयाच्या होत्या. ३१४ मतदारसंघ एकसदस्य, ८६ द्विसदस्य आणि उत्तर बंगालचा एक त्रिसदस्य. द्विसदस्य मतदारसंघांतील एक जागा अनुसूचित जातींसाठी किंवा जमातींसाठी राखीव असे. मतदाराला मते दोन. पण ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांनाच द्यावयाची. दोन्ही एकालाच दिली, तर मोजणीत एक धरले जाई व दुसरे रद्द होई. मतपत्रिकेवर नावे नव्हती. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे आणि मतदार आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकत असे. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकणे म्हणजेच दुसरे मत कुजवणे.

आता मुंबई शहर उत्तर या मतदारसंघाकडे येऊ. काँग्रेसच्या बैलजोडीवर विठ्ठल बाळकृष्ण गांधी सर्वसाधारण जागेसाठी आणि नारायण सदोबा काजरोळकर राखीव जागेसाठी उभे होते. समोर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर अशी युती होती. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे स्वतंत्रपणे लढत होते. निकाल असा लागला: गांधी १,४९,१३८, मेहता १,३९,७४१, काजरोळकर १,३८,१३७, आंबेडकर १,२३,५७६, डांगे ९६,७५५. दुसऱ्या क्रमांकाची मते मिळवणारे मेहता हरले आणि तिसऱ्या क्रमांकाचे काजरोळकर निवडून आले. यात गफलत कसलीही नव्हती. राखीव जागा आधी भरावयाची, ती अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला द्यावयाची आणि मग उरलेल्यांतून दुसरी जागा भरावयाची, असा नियमच होता. त्यानुसार बाबासाहेबांची स्पर्धा प्रत्यक्षात काजरोळकरांशी होती आणि ती ते १४,५६१ मतांनी हरले.

या पराभवाचा एक सोपा अर्थ नेहमी लावला जातो: समाजवादी मतदारांनी आपले दुसरे मत आंबेडकरांना दिले नाही. मेहता आणि आंबेडकर यांच्या मतांतील १६,१६५चे अंतर त्यासाठी पुढे केले जाते. परंतु गांधी आणि काजरोळकर यांच्यातही ११,००१चे अंतर आहे, हे फारसे कोणी बोलत नाही. राखीव जागेचा उमेदवार दोन्ही बाजूंना जोडीदाराच्या मागे राहिला. एकूण बेरजांवरून एकेका मतदाराच्या मनात शिरता येत नाही हे मान्य. पण केवळ समाजवाद्यांवर खापर फोडणारे स्पष्टीकरण या आकड्यांपुढे अपुरे वाटते.

आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. रद्द झालेल्या मतपत्रिकांचा त्यांनी दिलेला आकडा ७४,३३३ होता, म्हणजे पराभवाच्या फरकाच्या पाचपट. दुसरे मत कुजवा असा प्रचार डांगे आणि त्यांच्या पक्षाने केला, हा याचिकेतील महत्त्वाचा आरोप. न्यायाधिकरणाने याचिका फेटाळली. आरोप बाजूला ठेवून निव्वळ गणित केले, तरी एक गोष्ट खटकते. डांगे यांच्या मतदाराने दुसरे मत मेहतांना दिले असते, तर डांगे यांचा तोटा होता, कारण दोघेही एकाच जागेचे दावेदार. ते आंबेडकरांना दिले असते, तर राखीव जागेचा निकाल बदलू शकला असता आणि डांगे यांचे फारसे काही बिघडत नव्हते. म्हणजे त्या मतदारसंघात आंबेडकरांविरुद्ध मत कुजवण्यामागे राजकारण होते, गणित नव्हते.

यात एक इतिहासही गुंतलेला आहे. १९३७च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई प्रांतात एकत्रित मतदानाची पद्धत होती. मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देता येत. हॅमंड समितीपुढे या प्रश्नावर वाद झाला, तेव्हा मते सक्तीने वाटण्याऐवजी एकत्र देता यावीत, अशीच बाबासाहेबांची बाजू होती. संख्येने थोड्या असलेल्या समाजाला आपली ताकद एका पेटीत साठवता यावी, हा त्यामागचा विचार. त्या पद्धतीने ते स्वतः मुंबईतून निवडून आले. पराभूतांत क्रिकेटपटू पाळवणकर बाळू होते. पुढे जी साठवण हक्क होती, ती १९५२च्या कायद्याने कुजवण ठरली. मतदाराची कृती तीच, फक्त नियम बदललेला.

१९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. मतदारसंघ पुन्हा द्विसदस्य आणि अशोक मेहता पुन्हा रिंगणात. या वेळी फेडरेशनच्या कार्यकर्त्यांनीच दुसरे मत कुजवण्याचा आग्रह धरला होता आणि बाबासाहेबांनी तो मानला नाही, असे त्यांच्यासंबंधीच्या चरित्रपर लेखनात सांगितले जाते. घटनेच्या शिल्पकाराने मतदाराला मत फुकट घालवायला सांगावे, हे त्यांना पटणारे नव्हते. सर्वसाधारण जागेवर मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले आणि बाबासाहेब दुसऱ्यांदा हरले.

ही पद्धत मोडली ती मात्र वेगळ्याच कारणाने. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम मतदारसंघात दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना मिळाल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी सहाशेहूनही कमी मतांनी हरले. राखीव जागा भरल्यावर उरलेल्या जागेसाठी जमातीचा दुसरा उमेदवारही पात्र असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली उचलून धरले. १९६१ साली कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. आंबेडकरांच्या दोन पराभवांनी जे घडले नाही, ते गिरींच्या एका पराभवानंतर चार वर्षांत घडले. १९६२च्या निवडणुकीत मतदाराच्या हाती लोकसभेसाठी एकच मतपत्रिका होती.