मामाची जीप आणि एकतीस इंची टायर

गेल्या शुक्रवारी रात्रीच्या बसने चिखलीला गेलो. बुलढाणा जिल्ह्यातली चिखली. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण हिंजवडीत कुणालाही चिखली म्हटलं की पिंपरी-चिंचवडचीच आठवते.

कारण होतं मामाची महिंद्रा एमएम ५४०. मामेभावाने तिला एकतीस इंची टायर आणि लांब शॅकलचं लिफ्ट किट बसवलं होतं, आणि टायरचे पैसे मी दिले होते. खरं सांगायचं तर कल्पनाही माझीच. ऑफिसात जेवताना ऑफ-रोडिंगचे व्हिडिओ बघून माणसाचं जे होतं ते माझं झालं होतं. सकाळी पोचलो तर गाडी गोठ्यासमोर उभी, टाचा उंचावल्यासारखी. मी खूश. मामाने भोवती एक चक्कर मारली आणि एवढंच म्हणाला, "सारं चांगलं हाय, पण तुही मामी चढन कशी रे बापा?"

मी हसण्यावारी नेलं. मग दुपारी गोठ्यात भिंतीला टेकवलेलं जुन्या बैलगाडीचं चाक दिसलं. टेप हातात होतीच, म्हणून मोजलं. चार फूट नऊ इंच. म्हणजे आस जमिनीपासून साधारण साडेअठ्ठावीस इंचांवर! आमच्या जीपच्या डिफ्रन्शियलखाली मूळ टायरवर जेमतेम आठ इंच जागा असते. मोठ्या टायरचा विषय या भागात नवा नाही, आपणच उशिरा आलोय, हे तिथे लक्षात आलं.

चिखलीची माती काळी. उन्हाळ्यात भेगा पडून दगडासारखी होते आणि पावसात फुगून अशी चिकटते की चप्पल तिथेच राहते, पाय पुढे जातो. असल्या जमिनीत लहान चाक खड्ड्यात उतरतं आणि अडकतं. मोठं चाक खड्ड्याच्या कडेवर अलगद चढतं, त्यामुळे बैलांचे कष्ट कमी. आणि सुताराने ते अरुंदच ठेवलं, वर लोहाराने लोखंडी धाव तापवून चढवली. अरुंद चाक वरचा राडा कापून खालच्या घट्ट थराला टेकतं. त्याच्या रोजच्या जाण्यायेण्याने जमिनीत जी खोल रेघ पडते ती चाकोरी. आपण 'चाकोरीबाहेरचं करिअर' वगैरे म्हणतो तेव्हा हा शब्द चिखलातून आलाय हे विसरलेलो असतो. असो.

आता जीप. महिंद्रांनी १९४७ साली विलिस जीपचे ७५ सुटे संच मागवले आणि मुंबईत माझगावला जीपजोडणी सुरू झाली. कंपनी तेव्हा 'महिंद्र अँड मोहम्मद' होती. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये इथे 'महिंद्र अँड महिंद्र' हे नाव आलं. लष्करी जीपचा टायर ६.००-१६ मापाचा, म्हणजे सहा इंच रुंद आणि अठ्ठावीस-एकोणतीस इंच उंच. तेच माप कित्येक दशकं महिंद्राच्या जीपांना चाललं. उंच आणि अरुंद! गोठ्यातल्या चाकाचाच धाकटा भाऊ. १९५२ च्या सामुदायिक विकास कार्यक्रमानंतर खेडोपाडी गेलेल्या सरकारी जीपा याच टायरवर चिखल तुडवत होत्या.

आम्ही काय केलं? साडेदहा इंच रुंद टायर बसवले. वाळूत ते तरंगतात, मस्तच. काळ्या मातीत त्यांच्या खाचा भरतात आणि मग चार गुळगुळीत गोळे फिरत राहतात. शनिवारी संध्याकाळी अमडापूर रस्त्यावरून एका शेतात उतरलो तेव्हा हे प्रात्यक्षिक झालं. बाहेर काढायला बैलजोडी आली. हो, बैलजोडीच.

दुसरी गोष्ट मला आधी कळायला हवी होती, इंजिनीअर म्हणवतो स्वतःला. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, ॲक्सल नाही. ॲक्सल वर नेतो फक्त टायर, आणि तोही व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्माच. अडीच इंच मोठा टायर म्हणजे डिफ्रन्शियलखाली सव्वा इंच. शॅकलचंही तसंच: दोन इंच लांब केला तर गाडी एक इंच उचलते, आणि पुढच्या ॲक्सलचा कोन बिघडून स्टिअरिंग भटकतं. स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी पासष्टने चाललेली असते. प्युजोच्या परवान्यावरचं २११२ सीसीचं ते म्हातारं डिझेल इंजिन चढावर एक गिअर खाली मागतं. आणि ब्रेकचा रबरी पाइप, चाक खाली लोंबकळलं की, तारेसारखा ताणलेला. तो बघून माझ्या पोटात गोळा आला. याच गाडीतून मामी दवाखान्यात जाते.

जीप उंच करायची खरी परंपरा इथे वेगळीच होती. काळी-पिवळी! चिखलीच्या स्टँडवर लहानपणी एका गाडीत मी सतरा माणसं मोजली होती, टपावरची धरून. मागचे पाटे वाढवून घेत, म्हणून रिकामी गाडी मागून उचललेली दिसे आणि भरली की सपाट होई. कायद्यात ते बसत नव्हतंच, पण उंचीला निदान काम होतं.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. आमच्या गाडीची पंधरा वर्षं केव्हाच उलटली आहेत. आता दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि या वेळचं महिनाअखेरीस आहे.

रविवारी सकाळी मी आणि मामाने शॅकल उतरवले. जुने ६.००-१६ परत चढवले, ब्रेकचे पाइप नवीन टाकले. मामेभाऊ पाने द्यायलाही आला नाही. ओट्यावर मोबाइल बघत बसला. निघताना त्याला म्हटलं, टायरचे पैसे गेले तर माझे गेले. "पैशाचं नाही दादा," तो म्हणाला, "गावात सांगून बसलो ना सगळ्याईले."

टायर गोठ्यात ठेवलेत, त्या चाकाशेजारी. कुणाला हवे असतील तर सांगा, दोनच दिवस चाललेत.