मनगटावरील काललेखक

वेळ सांगणें निराळें आणि वेळ मोजणें निराळें. घोडा सुटल्यापासून शर्यतीचा खांब ओलांडीपर्यंत किती क्षण गेले, हें मोजण्यास हवा तेव्हां चालू करतां व थांबवितां येईल असा स्वतंत्र कांटा लागतो. असा कांटा असलेल्या घड्याळास 'क्रोनोग्राफ', म्हणजे काललेखक, म्हणतात. हें नांव आरंभीं यथार्थ होतें. कारण सन १८२१ मध्यें पॅरिसच्या शर्यतींत रिओसेक नांवाच्या घड्याळजीनें वापरलेलें यंत्र तबकडीवर खरोखरीच शाईचा ठिपका उमटवीत असे. पुढें शाई गेली, नांव राहिलें. आणि विसाव्या शतकांत हें यंत्र खिशांतून मनगटावर आलें.

ह्या कुळांतील अत्यंत प्रतिष्ठित घड्याळ म्हणजे रोलेक्सचें 'डेटोना' होय. तें १९६३ सालीं निघालें. त्याचें नांव फ्लॉरिडांतील मोटारशर्यतींच्या गांवाचें. वेग दाखविणारे आंकडे कांचेभोवतींच्या कड्यावर कोरलेले. परंतु आंतील यंत्र वाल्जू कारखान्याचें, आणि त्यास चावी हातानेंच द्यावी लागे. आरंभीं गिऱ्हाइकांनीं त्याची फारशी पर्वा केली नाहीं.

मनगटाच्या हालचालीनें आपोआप चावी बसणारे क्रोनोग्राफ १९६९ सालीं अवतरले. त्यांपैकींच स्वित्झर्लंडांतील झेनिथ कारखान्याचें 'एल् प्रिमेरो' हें यंत्र होतें. तें तासास ३६,००० ठोके देई. परंतु लौकरच विजेच्या घटावर चालणारीं स्वस्त क्वार्ट्झ घड्याळें बाजारांत आलीं, आणि १९७५ सालीं झेनिथच्या अमेरिकन मालकांनीं जुनीं यंत्रें बंद करून हत्यारें मोडींत काढण्याचा हुकूम सोडला. ल लोक्ल येथील कारखान्यांतील शार्ल व्हर्मो ह्या कारागिरानें तो हुकूम मानला नाहीं. त्यानें सांचे, हत्यारें व नकाशे एकेक करून पोटमाळ्यावर लपविले, आणि प्रत्येक कृति वहींत टिपून ठेविली.

त्याच्या ह्या अवज्ञेचें फळ पुढें दिसलें. १९८४ सालीं एल् प्रिमेरो पुन्हा तयार होऊं लागलें. आणि १९८८ सालीं रोलेक्सनें त्यांत पुष्कळ फेरफार करून, ठोके २८,८०० वर आणून, तेंच डेटोनांत बसविलें. २००० सालीं स्वतःचें यंत्र सिद्ध होईपर्यंत रोलेक्सचें काम त्यावरच चाललें.

नट पॉल न्यूमन ह्याचें डेटोना २०१७ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत १ कोटी ७७ लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. कीर्तीची किंमत लिलांवांत ठरते. पण व्हर्मोची ती वही कोणत्या तराजूंत तोलावी? विद्या एकदां मोडींत निघाली म्हणजे ती द्रव्यानें परत विकत घेतां येत नाहीं, हें त्या कारागिरास मालकांच्या आधीं कळलें होतें.