घरभाडे आणि गाडीभाडे : मुंबईच्या उपनगरांतील एका हिशेबाचा इतिहास

मराठीत घराचा आणि वाहनाचा मोबदला एकाच शब्दाने सांगितला जातो. संस्कृत 'भाटक' या शब्दाशी संबद्ध असलेला 'भाडे' हा शब्द परक्याची वस्तू वापरण्याबद्दल द्यावयाच्या द्रव्याचा वाचक आहे. त्यामुळे 'घरभाडे' व 'गाडीभाडे' हे सामासिक शब्द सहजच सिद्ध झाले. मुंबईच्या उपनगरांत बिऱ्हाड करून शहरात नोकरीस जाणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने तर ही दोन्ही भाडी एकाच हिशेबाची दोन अंगे होत. या हिशेबाचा इतिहास पाहता असे दिसून येते की, कायद्याने भाड्याचा आकडा बांधला, तरी जागेची किंमत त्यात बांधली गेली नाही. ती निरनिराळी नावे घेऊन प्रकट होत राहिली.

बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला व पुढील वर्षी तो कल्याणपर्यंत पोहोचला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात वसाहतींची आखणी केली. १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला आणि १९२८ मध्ये पश्चिमेकडील मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. शहरापासून दूर जावे तसे घरभाडे उतरे. परंतु त्या बचतीचा काही भाग मासिक पासात आणि रोजच्या प्रवासाच्या वेळेत खर्ची पडे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात जागांची टंचाई वाढली व १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. पुढे १९४७ च्या कायद्याने 'प्रमाण भाडे' ही संज्ञा दृढ केली. १ सप्टेंबर १९४० रोजी भाड्याने दिलेल्या जागेचे त्या दिवशीचे भाडे हेच सामान्यतः तिचे प्रमाण भाडे ठरले. भाडेकरूस संरक्षण मिळाले; पण महागाई वाढत गेली तसे कायदेशीर भाडे व जागेचे वास्तविक मोल यांतील अंतरही वाढत गेले.

हे अंतर 'पागडी'ने भरून काढले. मस्तकावरील मानाच्या वस्त्राचे नाव येथे जागेचा ताबा मिळविण्यासाठी द्यावयाच्या एकरकमी द्रव्यास लाभले. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे दंडनीय ठरविले होते. साहजिकच तिची पावती मिळत नसे. भाड्याच्या पावतीवर अल्प आकडा आणि पावतीबाहेर मोठी रक्कम, असा दुहेरी व्यवहार रूढ झाला.

दुसरी वाट 'लीव्ह अँड लायसन्स'ची. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार परवान्याने जागेत कोणताही हितसंबंध उत्पन्न होत नाही. बोलण्यात असा रहिवासी 'भाडेकरू'च राहिला. कायद्याच्या लेखी मात्र तो परवानाधारक झाला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यान्वये ताब्यात असलेल्यांना दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा दिला. केवळ एका शब्दाच्या बदलाने अनेकांची घरे टिकली. त्या तारखेनंतर आलेल्यांना हा लाभ नव्हता.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या जुन्या तरतुदी कालांतराने अवाजवी झाल्याचे मत नोंदविले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने भाड्यात दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली, पागडीसारख्या मोबदल्यास वैधता दिली आणि करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी लागे, ती टाळण्याच्या प्रघातातून आलेली 'अकरा महिन्यां'ची मुदत मात्र कारण सरल्यावरही टिकून आहे. मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्या परवानाधारकास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

आता पागडीची जागा बहुतांशी 'डिपॉझिट'ने घेतली आहे. त्याचा मराठी पर्याय 'अनामत' हा विश्वासाने सोपविलेल्या ठेवीचा वाचक आहे. ही रक्कम परत मिळते. परंतु तोवर तिचे व्याज मालकाकडे राहते, आणि हे व्याजही अर्थतः भाडेच होय.

म्हणून उपनगरातील भाड्याचा इतिहास केवळ पावत्यांवरून लिहिणे अपुरे ठरेल. पागडी, अनामत, मासिक पास आणि रहिवाशास दिलेले नाव ही सर्व एकत्र मांडली, तरच त्या बिऱ्हाडाला छपरासाठी काय मोजावे लागले हे कळू शकते. यांपैकी अखेरच्या बाबीस आकडा नाही. पण घर राहणार की सुटणार हे पुष्कळदा तिनेच ठरविले आहे.